झाकण मावशीचं कडवं

४ जून

बावीस नंबरच्या खोलीत खिडकीकडची कॉट जिची होती तिला,

हे पत्र कामाचं आहे, म्हणून आधी काम सांगते.

वसतिगृहाला येत्या ऑगस्टमध्ये पन्नास वर्षं पूर्ण होतात. जुन्या मुलींचा मेळावा ठेवला आहे. मुली म्हणजे कठडा धरून जिना चढणाऱ्या आणि चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. पण समितीच्या कागदोपत्री आपण मुलीच आहोत. त्या दिवशी वसतिगृहाचं गाणं सगळ्याजणींनी गायचं आणि त्याचं रीतसर ध्वनिमुद्रण करायचं असं ठरलं आहे. ज्या कंपनीने हे काम घेतलं तिला चाल लावणारीची आणि शब्द लिहिणारीची लेखी संमती लागते. चाल तुझी आहे. फॉर्म जोडला आहे. दुसऱ्या आणि चौथ्या पानावर सही कर आणि सोबतच्या पाकिटातून परत पाठव. तारीख घाल. तू तारीख घालायला विसरायचीस.

पत्ता तुझ्या भाचीने दिला. समितीने हे काम माझ्यावर टाकलं, कारण आपण दोघी तीन वर्षं एका खोलीत राहिलो. गेली बेचाळीस वर्षं आपण एकमेकींशी बोललेलो नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

गाण्याचं काय झालं ते तुझ्या कानावर आलं असेल, तू कितीही लांब जाऊन राहिलेली असलीस तरी. पहिल्या वर्षी आपण ध्रुवपद केलं आणि प्रथा पडली. दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुली एक कडवं जोडतात, ते गाण्याच्या वहीत उतरतं, आणि वहीत उतरलेलं कडवं कधी खोडायचं नाही. आजवर चव्वेचाळीस झाली. त्यातली त्रेचाळीस फाटकाबाहेर कुणाला ठाऊक नाहीत. एक मात्र सगळ्या जगाला पाठ आहे, आपल्या वर्षाचं.

भांड्याला झाकण, डब्याला झाकण,
पिंपाला झाकण घाली;
तोंडाला झाकण विसरली मावशी,
मैत्रीण घरी गेली.

मेसमधली स्वयंपाकीण मिठाची वाटीसुद्धा उघडी ठेवत नसे, म्हणून आपण तिला झाकण मावशी म्हणायचो. तुला घरी पाठवलं त्या आठवड्यातलं हे कडवं. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा कॉलेजातल्या तीन पोरांनी ते ढोलकीवर आणि गिटारवर घेतलं, फोनवर टाकलं, आणि आता ते बसमध्ये वाजतं, ऑफिसात डबे उघडताना वाजतं. परवा बँकेच्या रांगेत एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "याला काही सांगू नका, हा झाकण मावशी आहे." दोघांचाही जन्म आपल्यानंतरचा.

शब्द माझे आहेत. माझं नाव त्यांच्यापुढे कधी छापलं गेलं नाही. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या नावांतल्या वेलांट्या तपासल्या. आता एकदा स्वतःचं नाव छापून आलेलं बघायचं आहे. चाल तुझी, शब्द माझे, असं छापणार आहेत. मला ते हवं आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरी गेल्यावर तू मला तीन पत्रं लिहिली होतीस. मी उत्तर दिलं नाही. त्याचं कारण या पत्रात बसणार नाही.

फूटपट्टी
(तू ठेवलेलं नाव समितीतसुद्धा चालतं.)


२७ जून

भोंगा,

वसतिगृहात तुला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं आठवत नाही, म्हणून हेच लिहिते.

फॉर्म आला. दोन्ही सह्या जागेवर आहेत, तारीखसुद्धा आहे. सोबतची चिठ्ठी वाचली. "त्या बाईवर कडवं लिहिलंस ते फार बरं केलंस. तिच्यामुळे पदवीला चार महिने उरले असताना मी घरी बसले. आता इथे लहान मुलांना गाणं शिकवते, पण कुठे ते कडवं वाजलं की अजून छातीत गार वाटतं." ही चिठ्ठी मी चार वेळा वाचली. मजकुरात चूक सापडेपर्यंत वाचायची सवय आहे.

फॉर्म मी अजून समितीला दिलेला नाही. का, ते सांगते.

आमच्या अध्यक्षबाई आपल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आता त्यांचे शिकवणीचे वर्ग आहेत आणि त्यांना प्रत्येक गोष्टीची जाहिरात करायची असते. त्यांनी मेळाव्यासाठी सहाशे कापडी पिशव्या शिवायला टाकल्या. पिशवीवर पातेल्याचं चित्र आणि खाली तुझ्या-माझ्या गाण्याची ओळ, "तोंडाला झाकण विसरली मावशी". पिशव्यांचं कापड छापून शिवणवालीकडे गेलं आणि आठ दिवसांनी कापलेलं, गठ्ठे बांधलेलं, न शिवता परत आलं. अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "तूच जा. तू कडक बोलतेस."

टायरच्या दुकानावर एक लांबट खोली आहे, तिथे बारा मशीन चालतात. शिवणवाली पन्नाशीची, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. मी विचारलं, शिलाई कमी पडते का?

तिने टाचण्या काढून उशीत खोचल्या. "शिलाईचं काही नाही. हे मी शिवणार नाही."

"शिवणार नाही म्हणजे? कबूल केलं होतंत ना?"

"पिशवी कबूल केली होती. वर काय छापणार ते कुठे सांगितलंत? ही माझी आई आहे."

मागे बाराही मशीन चालू होती. एकीनेही मान वर केली नाही, यावरून सगळ्यांना आधीच माहीत होतं हे कळलं.

मी म्हटलं, "गाण्यातली मावशी काय, कुणीही असू शकते."

"हो? मग तुमच्या आईचं नाव घाला की."

 ती पुढे म्हणाली, "मी शाळेत होते तेव्हा आई एक दिवस मेसमधून आली ती परत गेलीच नाही. विचारलं तर म्हणायची, मुलींना माझा स्वयंपाक आवडेनासा झालाय. मीही खरं मानलं. परवा माझ्या पोरीच्या फोनवर हे वाजलं तेव्हा कळलं काय आवडेनासं झालं होतं ते."

"आईंनी ऐकलंय का?"

"तिला कमी ऐकू येतं. तेवढंच बरं."

"म्हणजे त्या आहेत अजून?"

"आहेत म्हणजे काय हो? ठणठणीत आहे. सकाळपासून दोनदा मला ओरडून झालंय."

मी तशीच परत आले. अध्यक्षबाईंना सांगितलं, दुसरी शिवणवाली बघू नका, थोडे दिवस थांबा. त्या म्हणाल्या, "अगं, एका स्वयंपाकिणीसाठी?" मी तिथून उठले.

तुझी सही माझ्या कपाटात आहे. एक गोष्ट तुला माहीत नाही. ती मी आधी दुसऱ्या कुणाला तरी सांगून येणार आहे, मग तुला लिहीन.

फूटपट्टी


११ जुलै

भोंगा,

रेक्टरबाईंना मी सांगितलं होतं. मावशींनी नव्हे.

हे वाक्य वर लिहून टाकलं, म्हणजे पुढे तू वाचलंस काय आणि न वाचलंस काय, काम झालं. वाचणार असशील तर सगळं वाच.

तू दर शनिवारी बाहेर जाण्याच्या वहीत "मामाकडे" लिहायचीस. मामा त्या शहरात नव्हताच. तू स्टुडिओत कोरसमध्ये गायला जायचीस, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. एका शनिवारी तू आलीस ती चपला न काढता कॉटवर बसलीस आणि म्हणालीस, संगीतकारांना आपल्या गाण्याची चाल ऐकवली, त्यांना आवडली, घेणार म्हणाले. मी विचारलं, आणि शब्द? तू वेणी सोडत होतीस. म्हणालीस, "शब्द काय गं, कुणीही लिहितं."

सोमवारी चार वाजता मी रेक्टरबाईंच्या खोलीत गेले. शनिवार, मामा, स्टुडिओचा पत्ता, सगळं सांगितलं. मैत्रिणीच्या अभ्यासाची काळजी वाटते म्हणून सांगते आहे, असं म्हटलं. त्यांना ते पटलं. दोन-चार दिवस मलाही पटलं. मंगळवारी सकाळी तुझे वडील आले, त्यांनी तुझी ट्रंक स्वतः उचलली, आणि तू माझ्याकडे बघून हात केलास. मी खिडकीत होते. मीही हात केला.

बुधवारी कुणीतरी म्हणालं, सोमवारी चारला मावशी रेक्टरबाईंच्या खोलीतून बाहेर पडताना पाहिली, तोंड उतरलं होतं. ते खरंच होतं. मी बोलत असताना मावशी चहाचा ट्रे ठेवत होत्या. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

आता यातला वाईट भाग. शुक्रवारी मी ते कडवं लिहिलं, ते तुझ्या दुःखाने लिहिलं असं सगळ्यांना वाटलं. तुलाही तसंच वाटत आलं आहे. मी ते लिहिलं, कारण मावशींनी उद्या तोंड उघडलं तर त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवू नये. एका दुपारीत लिहिलं, एकही खाडाखोड नाही. त्याआधी किंवा त्यानंतर मला तसं काही जमलं नाही. मी आयुष्यात जे सगळ्यांत चांगलं लिहिलं ते खोटं आहे, आणि तेवढंच टिकलं आहे.

पुढचं तू पाहिलं नाहीस. जेवताना नव्वद मुली तोंड मिटून ती चाल गुणगुणायच्या. मावशी वाढत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकायच्या, आणि गुणगुणणं त्यांच्याबरोबर सरकायचं. शब्द त्यांच्यासमोर कुणीच म्हणत नव्हतं, म्हणून रागवायला जागा नव्हती. तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

या मंगळवारी मी त्यांच्याकडे गेले. शिवणाच्या खोलीमागे त्यांची खोली आहे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. मुलीने कानाशी जाऊन सांगितलं, "वसतिगृहातल्या बाई आल्यात!" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कोबी ताटाच्या कडेला लावणारी ना तू?"

मी हो म्हटलं. मग म्हटलं, "मावशी, ते रेक्टरबाईंना मी सांगितलं होतं."

"मोठ्याने बोल."

मी मोठ्याने बोलले. मशीन थांबली एकेक करून.

"ते मला काय सांगतेस?" मावशी म्हणाल्या. "मी तिथेच होते की चहा घेऊन."

"मग तुम्ही कुणाला बोलला का नाहीत?"

"विचारलं कुणी? रेक्टरबाईंनी दारातच दम दिला होता, खोलीतलं बाहेर गेलं तर नोकरी जाईल म्हणून. ती तशीही गेली, ते सोड. आणि सांगितलं असतं तर त्या बाकीच्या पोरींनी तुला फाडून खाल्लं असतं. एका आठवड्यात दोन मुली घरी पाठवायच्या का? मी तुम्हाला जेवू घालायला होते." मग म्हणाल्या, "राग यायचा तुझा. तुझ्या ताटात वाढताना मी जरा जास्तच कोबी घालत होते, ते तुला कळलं का?"

"कळलं."

"मग बरोबर."

मी हसले नाही आणि त्याही हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ते गाणं काय होतं? मला नुसतं हूं हूं ऐकू यायचं. शब्द म्हणून दाखव."

त्यांची मुलगी म्हणाली, "आई, कशाला?"

"तू गप. तिने लिहिलंय, ती म्हणेल."

मग मी म्हटलं ते कडवं, भोंगा. त्यांच्या कानाशी वाकून, मोठ्याने, चालीसकट, शिवणाऱ्या बारा बायकांसमोर. माझा आवाज कसा आहे ते तुला ठाऊक आहे. त्यांनी पुन्हा एकदा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा त्या बोटाने ठेका धरून ऐकत होत्या.

"जमलंय," म्हणाल्या. "पण पिंपाला मी झाकण कधीच घातलं नाही. पिंपाला मोठं ताट असायचं."

मी म्हटलं, मी तुमची माफी मागायला आले आहे.

"माझ्याकडे कशाला? मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांग." आणि मुलीकडे वळून, "चहा टाकणार आहेस का हिला नुसतं उभं करणार आहेस?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यात तुझा पहिला नंबर, म्हणून हे पत्र. तुझा फॉर्म माझ्याकडे आहे. तो दिला तर गाणं त्या कडव्यासकट मुद्रित होईल. देऊ की परत पाठवू, ते कळव. तुझं उत्तर येईपर्यंत कपाटाला कुलूप आहे.

फूटपट्टी


२ ऑगस्ट

भोंगा,

तुझं पत्र आलं. तुला जे म्हणायचं होतं ते तू फार थोड्यात म्हटलंस. त्यातल्या एकाही शब्दावर माझी हरकत नाही.

मी तुझी माफी मागितली नाही हे तुझ्या लक्षात आलं. बरोबर आलं. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, निदान नाही म्हणावं लागतं. तुझ्याकडून आणखी काही घ्यायची माझी इच्छा नाही. मी सांगितलं नसतं तर तू घरी गेली नसतीस, गेली नसतीस तर गायिका झाली असतीस, हे सगळं तू लिहिलंस. झाली असतीस. मी तुझा आवाज तीन वर्षं हातभर अंतरावरून ऐकला आहे.

पण एका गोष्टीवर मी हटणार नाही. "शब्द काय, कुणीही लिहितं" हे तू म्हणाली होतीस आणि ते चूक होतं. त्याबद्दल तुझं भविष्य मोडायचा मला अधिकार नव्हता. तरी ते चूक होतं. ते कडवं कुणीही लिहिलं असतं तर मावशी मेसमध्येच निवृत्त झाल्या असत्या.

आता काम. तू लिहिलंस, "चाल माझी आहे. तुझ्या पापापायी ती दुसऱ्यांदा बुडवू नकोस. फॉर्म देऊन टाक." त्याच दिवशी दिला. तू म्हणतेस ते योग्य आहे. पण शब्दांचा फॉर्म माझा आहे, आणि त्यावर मी लिहिलं, ध्रुवपदाला संमती आहे, आमच्या वर्षाच्या कडव्याला नाही. खाली सही केली आणि तारीख घातली.

अध्यक्षबाईंनी तो वाचला आणि दार लावून घेतलं.

"अगं, ते कडवंच तर गाणं आहे! बाकीची कोण ऐकणार?"

"मग बाकीचं ऐकायची सवय लावा."

"कारण काय पण?"

सांगितलं. एवढंच, की कडवं खोटं आहे आणि सांगणारी मी होते. त्या बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाक करत बसल्या. मग म्हणाल्या, "बरं. वाईट झालं. पण हे आता तुझं राहिलंय का? अख्खी दुनिया गातेय. कंपनी नाही घेणार, नको घेऊ दे. स्टेजवर मुली गातीलच. गायला फॉर्म लागत नाही."

हे मात्र खरं आहे. मी त्यावर रात्रंदिवस विचार केला आहे. छापलेल्या पुस्तकात चूक राहिली तर शुद्धिपत्रक चिकटवता येतं. गाण्याला कुठे चिकटवणार?

मी म्हटलं, "मला पाच मिनिटं द्या मेळाव्यात. खरं काय ते सांगते."

"वेडी झालीस? सहाशे बायका येणार, फोटोवाले येणार. समारंभ आहे तो, कोर्ट नाही. बेचाळीस वर्षं गप्प बसलीस ना? आणखी एक महिना बस. नंतर हवं तर लेख लिही कुठेतरी."

मी उठले. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला समितीतून काढलं. पत्राचा मजकूर बरा होता, एक विरामचिन्ह चुकलं होतं, ते दाखवून परत पाठवलं.

पण कार्यक्रमपत्रिका आधीच छापून झाली आहे, आणि तिची तपासणी मीच केली होती. तिच्यात असं आहे की प्रत्येक वर्षाच्या मुलींनी उभं राहून आपापलं कडवं म्हणायचं, आणि ज्या वर्षी ज्या मुलीने शब्द लिहिले तिने माईक धरायचा. आपल्या वर्षाच्या नऊजणी येणार आहेत. माईक मी धरणार. मला समितीतून काढता येतं, वर्षातून काढता येत नाही.

बाकीच्या आठजणींना मी आधी काही सांगणार नाही. सांगितलं तर त्यातल्या चार मला हात जोडून घरी बसवतील. हे कपट आहे असं तुला वाटलं तर वाटू दे. या वेळी मी माझ्या नावाने करते आहे.

फूटपट्टी


२४ ऑगस्ट

भोंगा,

काल झालं. तू विचारलेलं नाहीस तरी लिहिते.

मावशींना मी बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही, मी येऊन काय करू? मुलगी जाईल. तिला खोटं लगेच कळतं." शिवणवाली आली, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली, पिशवी मांडीवर घेऊन. स्वतः शिवलेली, कोरी.

आमच्या आधीच्या दोन वर्षांच्या मुलींनी आपापली कडवी म्हटली. कुणी फार लक्ष दिलं नाही, सगळ्या आमचीच वाट बघत होत्या. आम्ही नऊजणी उभ्या राहिलो तेव्हा टाळ्या सुरू झाल्या, फोन वर झाले. वादकांनी सुरुवात वाजवली, तुझीच सुरुवात, आणि मी माईक धरून म्हटलं, "वाजवणं थांबवा."

तीनदा म्हणावं लागलं.

मी लिहून नेलं होतं, पण चष्मा घातलाच नाही. म्हटलं, हे कडवं मी लिहिलं. यात ज्या मावशी आहेत त्यांनी कुणाचीही चुगली केली नव्हती. चुगली मी केली होती, माझ्या मैत्रिणीची, रागाने. मावशींना ते माहीत होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवू नये म्हणून मी हे कडवं रचलं. आपण सगळ्यांनी ते जेवताना गुणगुणून त्यांना नोकरीतून घालवलं. बाकीच्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी सगळ्यांत मोठ्याने गुणगुणत होते. कडव्याला आजपासून माझी संमती नाही. ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी हे माहीत असताना म्हणावं.

 मग आपल्या वर्गातली ती उंच, पदार्थविज्ञानवाली, माझ्याच शेजारी उभी होती, ती म्हणाली, "म्हणजे आम्ही त्या बाईला… तुझ्यासाठी?"

"हो."

ती रांगेतून निघाली आणि स्टेजवरून खाली उतरली. मागोमाग आणखी तिघी. खालून कुणीतरी ओरडलं, "आत्ताच का सांगायचं होतं हे?" मागच्या बाजूला एका घोळक्याने मुद्दाम तेच कडवं म्हणायला सुरुवात केली, पहिल्या दोन ओळींपर्यंत आल्या, तिसरीला आवाज पातळ झाला, चौथी कुणी म्हटली नाही. अध्यक्षबाईंनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाल्या, "वातावरण जरा गंभीर झालंय, आपण चहा घेऊ या."

मी दाराकडे गेले. शिवणवाली उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. म्हणाली, "आवाज शेवटपर्यंत आला. आईला सांगते." आणि गेली.

चहानंतर कंपनीच्या माणसांनी मुद्रण केलं. ध्रुवपद, आणि मुलींनी मतं घेऊन निवडलेली सहा कडवी. आमचं नव्हतं. तुझी चाल सहाशे गळ्यांतून ऐकली. तू इथे नव्हतीस ही गोष्ट मला टोचली. ती टोचायलाच हवी. तुझं नाव छापलं आहे, स्वच्छ, एकही चूक नाही, मी कागद तपासला. माझं नाव ध्रुवपदापुरतं आहे. तेवढं पुरे.

फोनवरचं कडवं थांबलेलं नाही. आज सकाळी पेपरवाला तेच शिट्टीवर वाजवत गेला. मी त्याला थांबवून सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "काकू, मी नुसती चाल वाजवत होतो." आता ज्याला-त्याला थांबवून सांगणार आहे. लोक रस्ता बदलतील, बदलू देत. माझ्याकडे वेळ आहे.

दुपारी वसतिगृहातल्या हल्लीच्या चार मुली घरी आल्या. काखेत गाण्याची वही. घाबरलेल्या होत्या, माझी ख्याती त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसते. एकीने दुसरीला कोपर मारलं. "तू बोल." "तूच बोल ना."

"कुणीतरी बोला," मी म्हटलं.

"आम्ही… म्हणजे कडवं खोडायचं नाही असा नियम आहे ना, म्हणून खोडलं नाही. पण त्याच्या लगेच खाली या वर्षीचं लिहायचंय. तुम्ही बघाल का? राग येईल तुम्हाला."

"माझ्या रागाचं मी बघते. दाखवा."

पेन्सिलीने लिहिलं होतं.

चुगली केली एकीने अन्
नाव दुसरीचं घातलं;
बेचाळीस वर्षांनी कुणाला तरी
खरं बोलावंसं वाटलं.

मी ते चालीवर म्हणून पाहिलं. चांगलं आहे. मला त्यांच्या वयात यापेक्षा चांगलं जमलं नसतं, आणि जमलं ते तुला माहीत आहे.

"तिसरी ओळ चुकली आहे," मी म्हटलं.

"मात्रा?" त्या चौघींतली बारीक मुलगी म्हणाली. "मी म्हणत होते यांना."

"मात्रा नाही. 'कुणाला तरी' म्हणजे कुणाला?"

चौघी जमिनीकडे बघायला लागल्या. शेवटी एक पुटपुटली, "तुमचं नाव कसं घालणार? बरं दिसत नाही."

"मावशीचं घालताना बरं दिसत होतं? बेचाळीस वर्षं दर वर्षी म्हणत आलात, तेव्हा कुणाला संकोच वाटला नाही. 'फूटपट्टीला' लिहा. चालीत बसतं."

"खरंच?"

"पेन्सिलीने नको. शाईने."

त्यांनी माझ्याच टेबलावर बसून लिहिलं, माझ्या पेनाने. मग म्हणून दाखवा म्हटलं तर चौघी इतक्या हळू म्हणायला लागल्या, की मला टेबल वाजवून थांबवावं लागलं. म्हटलं, असं नाही, मावशींना ऐकू कमी येतं, त्यांच्या दारात उभं राहून म्हणायचंय. पुन्हा.

दुसऱ्यांदा नीट म्हटलं. समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली होती.

फूटपट्टी